एकाच कॉम्प्युटरवर साईट अर्धवट उघडतात, बाकी घरात सगळं चालू: फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

दादा, पहिली गोष्ट म्हणजे विंडोज परत फॉरमॅट मारू नका. एकदा मारून झालाय, फरक पडला नाही, दुसऱ्यांदा मारून वेगळं काही होणार नाही.

तुम्ही सांगितलेलं परत एकदा मांडतो, माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर कळेल. घरात फायबरचं नेट, राउटर हॉलमध्ये, डेस्कटॉप आतल्या खोलीत, विंडोज १०, आणि राउटरपासून तिथपर्यंत भिंतीच्या कडेने केबल ओढलेली. गुगल उघडतं, यूट्यूब चालतं, पण बँकेची साईट, लाईटबिलाची साईट, मुलीच्या ॲडमिशनचा फॉर्म हे सगळं अर्धवट येतं, कधी नुसती अक्षरं येतात आणि फोटो नाहीत, कधी पान पांढरंफटक आणि वर चक्री फिरतच राहते. मोबाईलवर आणि मुलीच्या लॅपटॉपवर वायफायने तेच सगळं ठणठणीत. कॉम्प्युटरवाल्याने सीपीयू दुकानात नेला, फॉरमॅट मारला, तिथे सगळं व्यवस्थित उघडलं म्हणाला, घरी आणून लावल्यावर दोन दिवस चाललं आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

यातलं 'दुकानात चाललं' हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात पण माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. त्यावर येतो.

आधी अर्धवट म्हणजे काय ते. पान म्हणजे एक फाईल असं आपल्याला वाटतं, पण बँकेचं साधं पहिलं पान उघडलं तरी ब्राउझर मागच्या मागे पन्नास-साठ वस्तू मागवतो, फोटो एकीकडून, फॉन्ट दुसरीकडून, बटणं चालवणारा कोड तिसरीकडून. पंगतीसारखं आहे ते. पान मांडलं, मीठ-लिंबू आलं, भात आला, पण वरणाचा वाढपी आलाच नाही, म्हणून सगळे हात आवरून बसलेत. नेट बंद असतं तर काहीच आलं नसतं. अर्धं येतंय म्हणजे रस्ता आहे, पण कुठला तरी एक वाढपी किंवा एका मापाचं भांडं अडतंय. कुठलं, तेवढंच शोधायचंय.

आणि यूट्यूब चालतं म्हणजे नेट चांगलं हा हिशोब डोक्यातून काढा. यूट्यूब पुढचं आधीच भरून ठेवतं, आणि क्रोममध्ये ते क्विक नावाच्या वेगळ्या पद्धतीने येतं, वाटेत चार पाकिटं (नेटवरून माहिती छोट्या तुकड्यांत येते, तो एकेक तुकडा म्हणजे पाकीट) पडली तरी ते सांभाळून घेतं. बँकेची साईट बऱ्याचदा टीसीपी नावाच्या जुन्या पद्धतीवर, तिथे पाकीट हरवलं की ते परत येईपर्यंत मागची सगळी रांग थांबते, परत हरवलं की दुप्पट वेळ थांबते. पाकिटं हरवणारी लाईन यूट्यूबवर कळतसुद्धा नाही आणि फॉर्म भरताना जीव काढते.

तसंच मोबाईलचं. मोबाईलवर चालतं हे शंभरातले नव्वद जण सांगतात आणि त्यातल्या निम्म्या वेळा मोबाईलचा डेटा चालू असतो. वायफाय कमजोर वाटलं की फोन गुपचूप फोरजी-फाईव्हजीवर जातो, तुम्हाला पत्ता लागत नाही. म्हणून डेटा बंद करून, वर फक्त वायफायची खूण ठेवून तीच बँकेची साईट परत उघडून बघा. तुमच्याकडे लॅपटॉपवर पण चालतंय त्यामुळे राउटर आणि बाहेरची लाईन बहुतेक सुटली, पण दोन मिनिटाचं काम आहे, करून टाका.

आता खरी परीक्षा. तुमच्या डेस्कटॉपला वायफाय नाही, केबलच आहे, म्हणून बहुतेक जण इथेच अडकतात. फोन चार्ज करायची यूएसबी केबल घ्या (डेटा जाणारी हवी, नुसती चार्जिंगवाली नको), अँड्रॉइड फोन डेस्कटॉपला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करा, आणि सीपीयूच्या मागची नेटची केबल काढून टाका. फोनचा डेटा बंद ठेवा, वायफाय चालू ठेवा. म्हणजे आता काय झालं, की तोच डेस्कटॉप, तेच विंडोज, तोच ब्राउझर, तोच राउटर, तीच फायबरची लाईन, फक्त मधली केबल आणि डेस्कटॉपचं नेटवर्क कार्ड त्याच्या सेटिंगसकट बाजूला झालं. बँकेची साईट पूर्ण उघडली तर दोष केबल किंवा कार्डात, नाहीतर त्या कार्डाच्या डीएनएस-आयपीव्ही६ च्या सेटिंगमध्ये (ते काय ते खाली लिहितो). तशीच अर्धवट राहिली तर मग वायफाय बंद करून डेटा चालू करा आणि परत बघा. तरीही अर्धवट म्हणजे दोष विंडोजच्या आत कुठेतरी. आणि डेटावर चाललं पण वायफायवरून नाही चाललं तर राउटर आणि या कॉम्प्युटरचं काहीतरी बिनसलंय. पाच मिनिटात निम्मं घर झाडून होतं.

माझी पैज केबलवर आहे. सीपीयू दुकानात नेला तेव्हा केबल तुमच्या घरीच राहिली ना! तिथे त्याच्या केबलवर सगळं चाललं, फॉरमॅटचं नाव झालं. घरी आणून परत लावताना केबल हलली, वाकडी झालेली जागा जरा सरळ झाली, दोन दिवस बरे गेले.

आता एखादा म्हणेल केबल खराब असेल तर काहीच चालायला नको. तसं नसतं. सांगलीत एका निवृत्त मास्तरांच्या घरी असंच होतं, तीन जण येऊन गेले होते, दोनदा फॉरमॅट, एकदा नवा राउटर. मी गेलो तेव्हा राउटरला पिंग मारला (म्हणजे छोटी पाकिटं पाठवून किती परत येतात ते मोजलं), १०० पैकी १०० आले, म्हटलं लाईन चोख आहे. मग मोठं पाकीट लावून मारला तर १०० पैकी तीसेक गायब. केबल दिवाणाच्या पायाखालून गेलेली, वर्षानुवर्षं दिवाण तिच्यावर बसलेला. कारण सरळ आहे, साधा पिंग ३२ बाइटचा, डोकं-शेपूट धरून तारेवर ७८ बाइट होतात. १४०० चा मारला की साडेचौदाशेच्या आसपास, म्हणजे अठरा पट लांब. चेपलेल्या तारेत मधूनच एखादा बिट बिघडतो, आणि एक बिट बिघडला तरी समोरचं कार्ड अख्खं पाकीट फेकून देतं. लांब पाकिटाला बिघडायची संधी अठरा पट. म्हणून गुगलचं हलकंफुलकं पान येतं, आणि मोठमोठे फोटो-कोड असलेलं पान मध्येच राहतं. मास्तरांनी मला चहा पाजला आणि आधीच्या तिघांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तुम्ही स्वतः बघायचं तर असं. स्टार्टमध्ये सीएमडी टाईप करून काळी खिडकी उघडा. आधी आयपीकॉन्फिग (ipconfig) टाईप करा, त्यात डिफॉल्ट गेटवे समोर जो नंबर असेल तो राउटरचा पत्ता, बऱ्याच घरात १९२.१६८.१.१ असतो. मग पिंग (ping), स्पेस, तो नंबर, स्पेस, मायनस एन, स्पेस, १००, एंटर. एन म्हणजे किती वेळा. (आकडे कीबोर्डवरचे इंग्रजीतलेच टाका, विंडोजला मराठी आकडे कळत नाहीत.) शेवटी लॉस किती टक्के ते लिहून ठेवा. परत तीच ओळ, आणि शेवटी स्पेस, मायनस एल, स्पेस, १४०० जोडा. एल म्हणजे पाकिटाची लांबी, आणि तो एल आहे, एक नाही, फोनवर सांगताना इथे दर वेळी घोळ होतो. घरातल्या घरात, केबलवर, दोन्हीचा लॉस शून्यच पाहिजे. शंभरात दोन गेले तरी मी केबल बदलतो.

दुसरं, कंट्रोल पॅनलमधून नेटवर्क कनेक्शन उघडून इथरनेटवर डबलक्लिक केलं की स्पीडची ओळ दिसते. राउटर आणि कार्ड दोन्ही गिगाबिटचे (म्हणजे १००० Mbps चे) असून तिथे १०० किंवा १० दिसत असेल तर बहुतेक केबलच्या आठ तारांपैकी काही मेल्यात. गिगाबिटला आठही लागतात, १०० ला चारच पुरतात, म्हणून अर्धी केबल तुटली तरी कार्ड स्पीड कमी करून गाडी ढकलत राहतं.

आणि इथेच कॉम्प्युटरवाल्यांची एक जुनी खोड आहे, केबल कटकट करायला लागली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबमधलं स्पीड अँड डुप्लेक्स हाताने १०० फुल करून ठेवायची. तात्पुरतं बरं दिसतं. पण राउटर ऑटोवरच असतो, तो विचारतो बोलायचं कसं, काही कार्डं हाताने बांधल्यावर उत्तरच देत नाहीत, मग राउटर आपलं आपलं हाफ धरून बसतो. एक जण एकाच वेळी बोलतो आणि ऐकतो, दुसरा म्हणतो एका वेळी एकच. थोडं थोडं बोलणं असेल तर निभतं, मोठं काही आलं की एकमेकांच्या अंगावर पडतात. लक्षण परत तेच, छोटी पानं चालतात आणि मोठी अडकतात. तिथे ऑटो निगोशिएशन करून ठेवा आणि विसरून जा.

केबल घेताना बाजारात स्वस्तातली तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची मिळते ती घेऊ नका, कोपऱ्यात चार वेळा वाकली की आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. पूर्ण तांब्याची, कॅट ५ई किंवा कॅट ६, दोन्ही टोकाला कंपनीतूनच पिना बसवलेली घ्या. नवीन केबल भिंतीला ठोकायच्या आधी जमिनीवरून मोकळी टाकून एक दिवस वापरून बघा. दाराच्या फटीतून नेऊ नका, ज्या दारात ती चेपते ते दार तुम्ही दिवसातून वीस वेळा लावता.

आता समजा माझी पैज हरली, केबल काढून फोनवरून पण तसंच होतंय. मग विंडोजच्या आत शिरू.

सगळ्यात आधी क्रोममध्ये कंट्रोल शिफ्ट एन दाबून इनकॉग्निटो उघडा आणि तिथे साईट बघा. तिथे एक्स्टेंशन आपोआप बंद असतात. तिथे चाललं तर दोष जाहिराती अडवणाऱ्या किंवा कूपन शोधणाऱ्या कुठल्या तरी एक्स्टेंशनचा, नाहीतर कुकीज आणि साठवलेल्या जुन्या फाईलींचा. संपलं काम. क्रोममध्ये नाही म्हणून एजमध्ये बघितलं, तिथे पण नाही, असं लोक सांगतात, पण क्रोम आणि एज आतून एकाच इंजिनाचे, दोघंही विंडोजचीच प्रॉक्सी (नेट मधल्या दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवणारी सेटिंग) वापरतात, ती काही वेगळी परीक्षा नाही. फायरफॉक्स टाकून बघा, त्याचं इंजिन वेगळं आणि सर्टिफिकेटचं (साईट खरी असल्याचा दाखला) कपाट वेगळं.

इनकॉग्निटोत पण अर्धवट असेल तर एफ१२ दाबा. घाबरू नका, त्यात काही बिघडत नाही. वर नेटवर्क असा टॅब आहे, तो उघडा ठेवून पान रिलोड करा, भराभर ओळी येतील, लाल झालेल्या किंवा पेंडिंगवर अडकलेल्या ओळी बघा. शेजारी कन्सोल टॅबमध्ये कारण लिहिलेलं असतं. हा एक स्क्रीनशॉट पंधरा फोनकॉलपेक्षा जास्त सांगतो. नेम नॉट रिझॉल्व्ड असेल तर डीएनएस. ब्लॉक्ड बाय क्लायंट असेल तर तुमच्याच मशीनमधलं काहीतरी अडवतंय. सर्ट म्हणून काहीतरी असेल तर सर्टिफिकेट. टाइम्ड आउट किंवा कनेक्शन रिसेट असेल तर मधे कोणीतरी खातंय.

सर्टिफिकेटचं थोडं सविस्तर सांगतो कारण इथे फसगत होते. मुख्य साईटचं सर्टिफिकेट नाही जुळलं तर ब्राउझर मोठी लाल सूचना दाखवतो. पण पानाच्या आतला फोटो किंवा कोड दुसऱ्या सर्व्हरवरून येत असेल आणि त्याचं जुळलं नाही तर सूचना-बिचना काही नाही, तो तुकडा नुसता गायब. म्हणून पान अर्धवट. याचं नेहमीचं कारण म्हणजे घड्याळ. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ चा सेल संपला की लाईट गेल्यावर तारीख मागे जाते. तुमच्या बाबतीत मला हे वाटत नाही, कारण गुगलचं सर्टिफिकेट जेमतेम तीन महिन्यांचं असतं, तारीख महिने-महिने चुकली असती तर सगळ्यात आधी गुगलच रुसलं असतं. तरी कोपऱ्यातली तारीख, महिना, साल तिन्ही बघा, लोक नुसती वेळ बघतात आणि साल मागचं असतं.

मग अँटिव्हायरस. माझ्या हिशोबात घरच्या कॉम्प्युटरवर केबल खालोखाल हाच. बरेच अँटिव्हायरस ब्राउझर आणि साईट यांच्या मधे बसून सगळं उघडून बघतात, वेब शील्ड किंवा एचटीटीपीएस स्कॅनिंग असं काहीतरी नाव असतं. ओळखायचं कसं, तर पत्त्याच्या डाव्या बाजूच्या खुणेवर क्लिक करून सर्टिफिकेट उघडा आणि ते दिलंय कोणी ते वाचा. तिथे तुमच्या अँटिव्हायरसचं नाव असेल तर तो मधे बसलाय. एप्रिल २०२४ मध्ये क्रोमची १२४ वी आवृत्ती आली तेव्हापासून ब्राउझरचं पहिलं 'नमस्कार'च एवढं लांब झालंय की एका पाकिटात मावत नाही, दोनात जातं (पुढच्या काळातल्या क्वांटम कॉम्प्युटरपासून संरक्षण म्हणून आत मोठी किल्ली घातलीय), आणि नमस्कार एकाच पाकिटात येणार असं धरून बसलेले जुने फिल्टर तिथेच गोंधळतात. पूर्ण अँटिव्हायरस बंद करायची गरज नाही, तेवढं स्कॅनिंग पाच मिनिटं बंद करून बघा, चाललं तर अँटिव्हायरस अपडेट करा किंवा काढून टाका, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो. नवीन फॉरमॅटनंतर दुकानदाराने फुकटचा एखादा टाकून दिलाय का तेही बघा. दोन अँटिव्हायरस एकत्र म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. आणि काढायचा तर नुसता अनइन्स्टॉल करून कधी कधी मागे ड्रायव्हर राहतो, त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल असतं ते वापरा.

प्रॉक्सी पटकन बघा. सेटिंग, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी. तिथे हाताने घातलेला कुठलाही पत्ता नको. घरच्या नेटला प्रॉक्सी लागत नाही, असेल तर कुठल्या तरी फुकट सॉफ्टवेअरने टाकलीय.

डीएनएस म्हणजे नावावरून नंबर शोधणारी डिरेक्टरी. इथे घरोघरी सापडणारी चूक अशी, की आधीच्या केबलवाल्याने त्याचा डीएनएस नंबर हाताने भरून ठेवलेला असतो, आता कंपनी बदलली तरी तो तसाच. पहिला नंबर मेलेला, दुसरा चालू, मग दर नव्या नावाला विंडोज आधी मेलेल्याची वाट बघतं आणि मग दुसऱ्याकडे जातं. एका पानात तीस नावं असली की तुमचा धीर सुटतो आणि तुम्ही म्हणता अर्धवट आलं. आयपीव्ही४ च्या प्रॉपर्टीजमध्ये दोन्ही गोष्टी ऑटोमॅटिक करा, किंवा ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा. हातासरशी सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टीम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी फोल्डरमधली होस्ट्स फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघा, चोरीचं सॉफ्टवेअर टाकताना त्यात ओळी घुसवतात. हॅश चिन्हाने सुरू होणाऱ्या सोडून बाकी काही नको.

एमटीयूबद्दल (एका पाकिटाची जास्तीत जास्त लांबी) कोणीतरी तुम्हाला सांगेलच, सगळ्यांचं लाडकं निदान आहे ते. इथरनेटवर पाकीट १५०० पर्यंत जातं, यूजरनेम-पासवर्डवाल्या पीपीपीओईच्या लाईनवर ८ बाइट त्यातच जातात म्हणून १४९२ उरतात, आणि मधे कोणी 'पाकीट मोठं आहे' हा निरोप अडवला की मोठी पाकिटं नुसती गायब होतात. लक्षण तुमच्यासारखंच. पण तसं असतं तर लॅपटॉपवर पण झालं असतं, राउटर एकच आहे. एकाच मशीनवर हे होतं ते त्या मशीनवर ऑफिसचं व्हीपीएन असेल तर, डायलर (यूजरनेम-पासवर्ड टाकून नेट जोडणारा प्रोग्राम) राउटरमध्ये नसून डेस्कटॉपमध्येच असेल तर, किंवा आयपीव्ही६ (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) त्या मशीनवरच गंडलं असेल तर. आयपीव्ही६ तपासणं सोपं आहे, इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये त्याची टिक काढा आणि साईट बघा. फरक पडला तर राउटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा किंवा नेटवाल्याला सांगा. नाही पडला तर टिक परत लावा, उगाच काढून ठेवू नका.

हे सगळं करून हात टेकले तर शेवटी सेटिंगमधलं नेटवर्क रीसेट आहे. सगळी कार्डं काढून परत बसवतं, फॉरमॅट न मारता फॉरमॅटचा जेवढा उपयोग होणार होता तेवढा होतो. त्याआधी दोन गोष्टी: व्हीपीएन असेल तर त्याची माहिती लिहून ठेवा, आणि डायलर डेस्कटॉपमध्येच असेल तर त्याचं यूजरनेम-पासवर्ड नेटवाल्याकडून मागून घ्या, नाहीतर रीसेटनंतर नेटच राहणार नाही आणि रविवारी नेटवाला फोन उचलत नाही.

आज रात्री फक्त दोनच गोष्टी करा, यूएसबी टेदरिंग आणि १४०० चा पिंग. मुलीच्या फॉर्मची तारीख जवळ आली असेल तर निदान होईपर्यंत थांबू नका, फोन यूएसबीने जोडून त्यावरूनच फॉर्म भरून टाका, तो सबमिट झाला की मग सावकाश दिवाण, कपाट हलवून केबल कुठे चेपलीय ते बघा.